अंबाडीच्या पानांवरचे डाग

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, "चांगलंय" हा शब्द कुणी शिकवला देव जाणे. आई असेपर्यंत तो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आई वाढायची आणि अण्णा पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायचे. वरण पातळ, भाकरी जाड, ठेच्याला तेल कमी. आई म्हणायची, "मग उद्यापासून तुम्हीच करा." आणि एवढं बोलून झालं की ताट पुसून घेतल्यासारखं लख्ख व्हायचं. आई गेली, भावाचं नि माझं बोलणं झालं, थोडे महिने अण्णांना माझ्याकडं मस्कतला आणलं, आणि इथं पाऊल टाकल्यापासून ताटात जे पडेल ते चांगलंय. भाताचा गिचका झाला तरी चांगलंय. एकदा मी चिडून आमटीत मुद्दाम मीठच घातलं नाही. बघू तरी काय म्हणतात. त्यांनी दोन घास खाल्ले, "चांगलंय की" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

ते दोन घास माझ्या जिवाला लागले होते. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता. पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग त्याच्या आत आणखी एक. डॉक्टरनं सगळं तपासून काही निघालं नाही असं सांगितलं आणि वर मलाच म्हणाला, नीट खायला घाला. जसं काही मी त्यांना उपाशी ठेवत होते.

आम्ही तेव्हा अल खौदला एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहत होतो. वरती घरमालकाचं कुटुंब, पुढं रस्त्याच्या बाजूला फरशी घातलेलं अंगण, मागं एसीची मशिनं ठेवलेली अरुंद बोळ. अण्णा दिवसभर हॉलमध्ये खुर्चीत बसायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडं बघायचे. मी बोलायला जायची आणि माझंच डोकं फिरायचं, कारण कशालाही उत्तर एकच.

अशात एकदा जेवताना, मेथीची भाजी चिवडत, ते आपणहून म्हणाले, "तुझी आई अंबाडी करायची या दिवसांत."

एवढंच. पण किती दिवसांनी त्यांनी कशाचं तरी नाव काढलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन अल मवालेहच्या भाजी मार्केटला गेले. पालेभाजीची एकेक जुडी उलटीपालटी केली. अंबाडी नव्हती. एका तेलुगू बाईनं सांगितलं म्हणून पुढच्या खेपेला गोंगुरा मिळाली, तीही त्याच जातीतली, पण पानं निबर आणि वाटेतच मान टाकलेली. अण्णांनी दोन घास खाल्ले. चांगलंय.

मी भावाला फोन लावला आणि अंबाडीचं बी पाठव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आता कुठून आणू?" मग वहिनीला सापडलं. आईनं स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, राख लावून एका डब्यात ठेवलं होतं. पेरायला म्हणून ठेवलेलं, आणि पेरायच्या आधीच ती गेली. येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पुडी आली. अण्णांनी ती उघडली, दाणे तळहातावर घेतले आणि एक दाणा दाताखाली धरून बघितला. मग म्हणाले, "जुनं नाही झालेलं. येईल."

उन्हाळा ओसरला होता. आम्ही अंगणात जुने टप आणि तेलाचे डबे मांडले, माती-शेणखत आणलं, बी लावलं. नवऱ्यानं एकदा बघितलं आणि "शेती सुरू झाली वाटतं" म्हणून टोमणा मारला. तो रत्नागिरीकडचा. त्याच्या घरी तांबडा माठ नि टाकळा याच्यापुढं पालेभाजी जात नाही, अंबाडी त्यानं उभ्या जन्मात बघितलेली नव्हती. मी लक्ष दिलं नाही. कारण अण्णा पहाटे उठायला लागले होते. दाढी करून, टोपी घालून अंगणात. "पाण्याकडं तू बघू नको," त्यांनी मला बजावलं, "माझं मी बघतो." मला काय, मी खूश झाले. माणूस खुर्चीतून उठला, हेच खूप होतं.

रोपं आली. अंबाडीची पहिली पानं गोल असतात, मग वरच्या पानांना बोटं फुटतात, पाच, कधी सात, कडेला बारीक दाते. हातभर झाली तेव्हा मी मनातल्या मनात भाजीचा बेतही केला होता. आणि मग डाग पडायला लागले.

आधी पानांची टोकं करपली. इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर कापड होतं तशी. मग कडा तपकिरी, कुरकुरीत. खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके. नवीन पान यायचं तेही फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधली जागा पिवळी. अण्णा प्रत्येक रोपापाशी वाकायचे, पान उलटं करून बघायचे आणि पुढच्या टपाकडं सरकायचे. घास दोनावरून दीडावर आला. मी घाबरले. ज्या गोष्टीसाठी माणूस उठायला लागला होता तीच त्याच्यासमोर मरत होती, आणि तिच्यातही पुन्हा आईचंच बी.

मग ज्याला त्याला विचारत सुटले. विचारू नये. वहिनी फोनवर म्हणाली, मावा पडला असेल, ताकात हिंग कालवून शिंपड. शिंपडलं. अंगणाला असा वास सुटला की घरमालकाच्या बायकोनं वरून डोकावून बघितलं. शेजारच्या मल्याळी बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, बुरशी आहे, पाणी कमी करा. दुसऱ्याच दिवशी त्यांचे यजमान म्हणाले, ऊन लागतंय, पाणी वाढवा. अरे, तुम्ही दोघं आधी घरात बसून ठरवा तरी. बरकाच्या रस्त्यावरच्या नर्सरीवाल्यानं पान हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, ताकद कमी आहे," आणि खताची पिशवी गळ्यात मारली. ते खत घातल्यावर दोन टप पार माना टाकून बसले. मी ती पिशवी बोळात नेऊन आपटली. एवढ्या शिकलेल्या बाईला चार पानं जगवता येत नाहीत, या विचारानं माझं डोकं नुसतं तापायचं.

शेवटी मी फोनवर शोधायला बसले. पाच बोटांचं पान, करपलेली टोकं, तपकिरी कडा, असं इंग्रजीत लिहिलं तर ढिगानं फोटो आले. हुबेहूब माझी पानं. एक जागा सापडली, जिथं जगभरची माणसं आपापल्या पानांचे फोटो टाकून काय झालंय विचारत होती. आणि उत्तरं काय एकेक! असा नाद मी कुठल्या कृषी अधिकाऱ्यात बघितला नाही. मी आपला एका पानाचा जवळून फोटो टाकला आणि लिहिलं, ओमानमध्ये राहते, घरच्यापुरतं लावलंय, वडिलांना भूक लागत नाही म्हणून.

काय सांगू, माणसांनी डोक्यावर घेतलं. एकानं लिहिलं, तुझ्या वडिलांना याचा नक्की गुण येईल, माझ्या आईला आजारपणात यानंच घास जायला लागला. मी ते वाचून रडले. मनात आलं, कुठल्या कुठं परदेशात लोक अंबाडी खातात आणि आपण बघा. दुसऱ्यानं जात विचारली. मी म्हटलं, आईकडून आलेलं बी आहे, नाव माहीत नाही. त्याला फार आदर वाटला. तिसऱ्यानं विचारलं, घरात लावलंय की बाहेर, दिवे किती तास लावता? दिवे कशाला, मी लिहिलं, इथं सूर्यच आवरत नाही. एकानं जपून विचारलं, तुमच्या देशात हे लावणं जरा धोक्याचं नाही का? मी लिहिलं, आहे ना, पण थंडीत जमतं.

त्यांच्यातल्या एकानं मात्र मुद्द्याला हात घातला. त्यानं मातीचा फोटो मागवला. मी टाकला. म्हणाला, मातीवर पांढरी खपली दिसतेय, ती काय आहे? मी म्हटलं, पाण्यातला चुना असेल. तो म्हणाला, चुना नाही, मीठ आहे. बुरशी नाही, कीड नाही. मुळाशी खारटपणा वाढला की झाडाला पाणी ओढता येत नाही, टोकं आधी करपतात, आणि मातीत लोह असून नवीन पानाला मिळत नाही, म्हणून ते पिवळं. खत बंद कर. टपांना खालून भोकं पाड आणि गोडं पाणी भरपूर ओतून मीठ वाहून जाऊ दे. मी भांडले त्याच्याशी. लिहिलं, आमचं पाणी गोडं आहे, तेच आम्ही पितो. त्यानं शांतपणे विचारलं, पाणी घालतं कोण?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. अण्णा आले. नळाकडं वळलेसुद्धा नाहीत. ओट्यावर माझी मोठी परात होती, तिच्यात रात्री भाजी धुतलेलं पाणी. इथं आम्ही सगळ्याच बायका तेव्हा तसं करायचो. मार्केटमधून आणलेल्या भाजीवर औषधं मारलेली असतात म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. मी तर चांगलं मूठभर मीठ टाकायची. अण्णांनी दोन्ही हातांनी परात उचलली, थेंब सांडू न देता अंगणात नेली आणि एकेका टपात वाटी-वाटीनं पाणी घातलं. शेवटी परात निपटून घेतली. लातूरकडचा माणूस. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यानं यायचा. अंघोळीचं पाणी जास्वंदीला, भांड्यांचं पाणी म्हशीला, आणि एक तांब्या वाया गेला की आईच्या अंगावर ओरडायचे. त्यांना चांगलं पाणी मोरीत जाताना बघवलं असतं तरच नवल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओठावर आलं होतं, अण्णा, काय करायलात हे, तुम्हीच मारायलात की सगळी. ज्याच्यासाठी मी उन्हातान्हात नर्सऱ्या पालथ्या घातल्या, तोच माणूस रोज सकाळी टोपी घालून झाडांना मीठ पाजत होता. आणि तेवढ्यात त्यांनी रिकामी परात खाली ठेवून एका करपलेल्या पानावरून अंगठा फिरवला. ते बघितलं आणि मी जागीच थांबले. आईच्या बियाची रोपं आपल्या हातानं गेली हे या माणसाला कळलं तर दीड घासही राहणार नाही.

मी गप्प आत गेले. त्या दिवसापासून भाजी धुताना मीठ बंद. परात तिथंच, पाणी तेवढंच, फक्त साधं. दुपारी अण्णा झोपले की मी स्क्रू-ड्रायव्हर तापवून टपांना भोकं पाडली आणि बादलीवर बादली ओतत मातीतलं मीठ वाहवून काढलं. अंगणात चिखल, माझी कंबर धरलेली. नवरा संध्याकाळी फरशी बघून म्हणायचा, "हे काय चाललंय?" आणि जेवताना, "भाजी मिठात धुतलीस ना?" हो म्हणायची. या घरात खरं कुणाला सांगायची सोय नव्हती.

थोड्या दिवसांनी फरक पडला. जुने डाग गेले नाहीत, ते जात नसतातच. पण वर नवीन पान आलं ते हिरवंगार. मी इतकी हरखले की संध्याकाळी नवरा ऑफिसातून आल्याबरोबर कौतुकानं फोन त्याच्या हातात दिला. म्हटलं, वाच, परक्या लोकांनी किती जीव लावलाय बघ.

तो वाचत गेला. चेहरा उतरत गेला. मग फोन उलटा ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला कळतंय का हे लोक काय लावतात? हा गांजा आहे. सगळे गांजा लावणारे आहेत."

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्यानं एकेक ओळ दाखवली. दिव्यांचे तास. भूक. धोका. मी कपाळाला हात लावला. माझ्या पानाचा नि गांजाच्या पानाचा फोटो त्यानं शेजारी शेजारी लावला तेव्हा तर बोलायची सोयच उरली नाही. बोटं तीच, दाते तेच.

"आणि हे तू लिहिलंस," तो म्हणाला, "ओमानमध्ये राहते म्हणून."

"अरे पण अंबाडी आहे ती. आंबट लागते. भाजी करतात तिची."

"ते तुला माहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय माहीत? वरच्यांना काय माहीत? इथं असल्या गोष्टीला माफी नाही. चौकशी होऊन सुटेपर्यंत माझी नोकरी गेलेली असेल, व्हिसा गेलेला असेल. आणि अण्णा या वयात? उद्या सकाळी उपटून टाकायचं. खलास."

मी चिडले, भांडले, तुमच्या कोकणात कधी अंबाडी पोचली नाही तो काय माझा गुन्हा, असंही म्हणाले. फूल येईपर्यंत थांब म्हटलं, पिवळं येतं, मध्ये लाल, बघितलं की कुणालाही पटेल. तो ऐकेना. खरं सांगायचं तर त्याची भीती खोटी नव्हती आणि मला तेच सहन होत नव्हतं. दुसऱ्या कशावरून भांडले असते तर जिंकले असते. मी तिथले फोटो आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. त्या मिठाचं सांगणाऱ्या माणसाचे आभारही मानले नाहीत, ज्यानं माझी अंबाडी वाचवली होती.

मग उठले, रोवळी घेतली आणि अंगणात जाऊन पानं खुडायला लागले. उपटायचीच आहेत तर निदान पानं तरी. अण्णा दारात येऊन उभे राहिले. "एवढ्यात काढायलीस?" मी म्हटलं, "हो. कवळी आहेत तोवर." डागांचा भाग कात्रीनं कापत बसले. कापून कापून एका माणसापुरती जेमतेम राहिली. डोळ्यांत पाणी, हातात कात्री, आणि घरात दोन पुरुष, एकाला काही सांगता येत नाही, दुसऱ्याला सांगून उपयोग नाही. त्याच रागात मी पानं उकडली, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घातली, लसणाची फोडणी दिली आणि भाकरी थापल्या. नवरा समोर बसला होता, माझ्याकडं न बघता.

अण्णांनी भाकरी मोडली. पहिला घास घेतला. मी वाट बघत होते. त्या एका शब्दाची. आज तो शब्द ऐकला असता तर मी ताट उचलून भिंतीवर मारलं असतं, मनाची तयारी झाली होती.

अण्णांनी तोंड वाकडं केलं.

"उकडल्यावर पिळून घेतली नाहीस," ते म्हणाले. "दात आंबले. अंबाडी पिळून घ्यायची असती. एवढं शिकवलं नाही का तुला तुझ्या आईनं?"

मी आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात ठेवली.

"आन लसूण करपवलास." दुसरा घास. "मिरची तर नावालाबी नाही." तिसरा. मग ते खाली मान घालून जेवतच राहिले, खोड काढत, मध्येच आईचं नाव घेत, आणि कोरभर भाकरी उरली तिनं ताट पुसून घेतलं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला कण्या जरा जास्ती घाल. परवा-तेरवा पानं येतील आणखी. शेंडे राहिलेत."

मी नवऱ्याकडं बघितलं. तोही माझ्याकडंच बघत होता. अण्णा आल्यापासून पुढच्या जेवणाचं काही त्यांच्या तोंडून निघालेलं आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं. मी डोळे पुसले नाहीत, पुसायचं सुचलंच नाही.

नवरा उठला, हात धुतला आणि बाहेर गेला. मला वाटलं आताच उपटतोय, मी पाठोपाठ दारात धावले. तो टप ओढत होता. एकेक करून, फरशीवर घासत, रस्त्याकडच्या अंगणातून मागच्या बोळात, एसीच्या मशिनांच्या आड. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं. घामाघूम झाला होता आणि तोंडानं पुटपुटत होता, त्यातलं बरंचसं माझ्या माहेराबद्दल होतं.

आतून अण्णांचा आवाज आला, दणदणीत, आईवर ओरडायचे तसा.

"हळू रे बाबा. मुळं दुखावतील."